पाण्यावरची कोबी

आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत सध्या कोबीचं पीक जोरात आहे. दर रविवारी मी त्यातले पाच-सहा गड्डे काढतो, बादलीत टाकतो आणि इमारतीत कुणाला हवेत का, असं विचारत फिरतो. खरं तर ती कोबी नव्हे. पाण्यावर तरंगणारं, मखमली पानांचं, तळहाताएवढं रोपटं आहे ते. सून त्याला वॉटर लेट्यूस म्हणते. मी कोबी म्हणतो. जास्तीची रोपं नाल्यात किंवा नदीत टाकायची नाहीत, हा सुनेचा कडक नियम आहे, म्हणून बादली घेऊन दारोदार जावं लागतं. पहिल्या दिवशी मीच म्हणालो होतो, की गोदावरीतल्या पाणवेली काढायला लोक यंत्रं लावतात आणि आपल्या घरी त्यांची चुलत बहीण दुकानातून विकत येते. आता मीच तिचा प्रचार करतो. रविवारी बादली घेऊन जिना उतरताना मला फार बरं वाटतं. एवढं बरं वाटण्याइतकं काय घडलं, ते सांगतो.

मी रेल्वेत होतो, मनमाडला, सिग्नल खात्यात. स्वभाव चिडका. हे मी स्वतः सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगितलं की मी आणखी चिडतो. बायको गेल्यावर तीन वर्षं मनमाडच्या घरात एकटा राहिलो. स्वयंपाक येत होता, धुणं येत होतं, गप्प बसणं येत नव्हतं, आणि बोलायला कुणी नव्हतं. शेवटी मुलगा आला आणि मला इंदिरानगरच्या फ्लॅटवर घेऊन गेला. सोबत मी कपड्यांची बॅग, रेडिओ आणि बायकोची पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी आणली. सुनेच्या स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन होतं. मी म्हटलं, मशीन तुम्हाला, कळशी मला.

सून एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिचं माहेर वणीचं. मी इथे राहायला येण्याच्या आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ती भावाच्या लग्नाला वणीला गेली, चार दिवसांनी परत आली आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मूल राहिलं नाही. मी मनमाडहून पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलगा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवायचं सोडून मी त्याला म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, रस्ता खराब आहे, तिला वणीला पाठवू नको." खोलीचं दार उघडं होतं. मध्ये फक्त पडदा होता, आणि आमच्या घराण्याचा आवाज पडद्याला दाद देत नाही.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलाला बोलावून सांगितलं, की प्रवासाचा काही संबंध नव्हता. गर्भाच्या वाढीतच दोष होता, कुणी काहीही केलं असतं तरी तो राहिला नसता. मी मान डोलावली. त्यानंतर पडद्याच्या आत जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. मी संध्याकाळच्या गाडीने परत गेलो. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं असणार. पण डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात असं माणूस धरून चालतं, आणि माझं वाक्य मात्र तिच्या एकटीसाठी होतं.

इथे राहायला आल्यावर मला वाटलं होतं, कधीतरी ती मला त्यावरून बोलेल. ती कधीच बोलली नाही. भाकरी गरम, चहा वेळेवर, "बाबा, औषध घेतलं का" रोज न चुकता. माझ्यासारख्या माणसाशी वर्षभरात एकदाही भांडण होत नाही, याचा अर्थ काय असतो हे मला कळत होतं. माझी बायको रागावली की भांडी आपटायची, आणि ती भांडी आपटत असेपर्यंत मी निर्धास्त असायचो. ही भांडी अलगद ठेवायची.

टाकी आली ती तिच्या ऑफिसातल्या बाईंकडून. त्यांची पुण्याला बदली झाली, आणि मासे पुण्याला नेता येत नाहीत असं त्यांच्या नवऱ्याने ठरवलं. दोन फुटी टाकी, तळाला रेती, सहा-सात गप्पी मासे आणि काचेला चिकटलेल्या चार गोगलगायी. सुनेने आधी नाही म्हटलं होतं, पण टाकी आली ती आली. महिन्याभरात एका मादीला पिल्लं झाली. गप्पीला अंडी नव्हे, थेट पिल्लं होतात आणि मोठे मासे ती खातात, अगदी आईसुद्धा खाते. सकाळी बारीक काळे डोळे पोहताना दिसले, संध्याकाळी एकही नव्हता. सून टाकीसमोर स्टुलावर बसून राहिली. मुलगा म्हणाला, जाऊ दे, माशांचं असंच असतं. 

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून येताना दुकानात गेली आणि पिशवीभर पाण्यातून ही कोबी घेऊन आली. पाण्यावर सोडली की तिची मुळं खाली लोंबतात, वीतभर लांब, केसांच्या झुपक्यासारखी. त्या मुळांत पिल्लं लपतात आणि मोठे मासे आत शिरू शकत नाहीत, असं तिला दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं. ते खरं निघालं. पुढच्या वेळी मुळांत अकरा पिल्लं राहिली. ती रोज ऑफिसातून आली की पर्स खांद्यावरच ठेवून आधी टाकीपाशी वाकायची आणि मोजायची. मोजून झालं की मला आकडा सांगायची. मी पेपर वाचत असलो तरी सांगायची. चहा-औषध सोडून माझ्याशी ती आपण होऊन बोलायची ते एवढंच. म्हणून मी त्या वेळी पेपर मुद्दाम खाली ठेवू लागलो.

आता माझं पाण्याचं प्रकरण सांगतो.

मनमाडच्या माणसाला पाणी ओतून देववत नाही. आमच्याकडे नळाला पाणी आलं की पिंप, हंडे, बाटल्या, जे सापडेल ते भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. ते कधी येईल याची खात्री नाही. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं मोरीला. वाया जाणारं पाणी मी आयुष्यात पाहिलं ते फक्त इंजिनाखाली गळताना, आणि तेव्हाही जीव तुटायचा. इंदिरानगरात रोज सकाळी पाणी येतं. सून सांगायची, कळशीतलं कालचं उरलेलं पाणी ओता आणि ताजं भरा. ताजं भरायला माझी ना नव्हती. कालचं ओतायचं कुठे, हा प्रश्न होता. सिंकमध्ये ओतायला माझा हात धजेना.

सुरुवातीला मी ते बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायचो. पण कुंड्यांना सूनही पाणी घालायची, त्यामुळे खालून ते गळू लागलं, आणि गळालं ते खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडयांवर. एप्रिल महिना, वर्षाच्या कुरडया. वहिनी वर आल्या आणि जे बोलल्या ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण कुरडयांच्या बाबतीत बाईमाणसाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. त्या दिवसापासून कुंड्या बंद.

आणि नेमकी तेव्हाच टाकीतली पातळी उतरू लागली होती. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, रोज बोटभर कमी व्हायचं. मला वाटलं, वा, हे तर बेष्टच. रोज पहाटे उठून मी कळशीतलं उरलेलं दोन-तीन तांबे पाणी टाकीत ओतायचो. तेही कसं, तर कोबीच्या डोक्यावरून. झाडाला पाणी घालायचं ते वरून, शांतपणे, हीच सवय. तांब्यातलं पाणी आरोग्याला उत्तम, माणसाला चांगलं तर माशाला वाईट कसं असेल, असा माझा हिशोब. दर सोमवारी मी चिंच आणि मीठ लावून कळशी लखलखीत घासायचो, म्हणजे त्यानंतरचं पाणी आणखीच गुणकारी. हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. पहाटे पाचला घरात जागं कोण असतं? माझ्या दृष्टीने मी सुनेचं एक काम गुपचूप हलकं करत होतो, आणि त्याचं मला मनातून थोडं कौतुकही वाटत होतं.

पंधरा दिवसांत पहिली गोगलगाय मेली. मग बाकीच्या तिन्ही. मेलेल्या गोगलगायीचा वास कसा असतो ते विचारू नका. मग कोबी पिवळी पडू लागली, पानांच्या मध्याशी चिकट, कुजकट. आणि एका संध्याकाळी सुनेने एक गड्डा उचलला, तर मुळांचा झुपका तुटून तळाला गेला आणि तिच्या हातात नुसती पानं राहिली. आठवड्याभरात सगळ्यांचीच मुळं गळाली. पिल्लांना लपायला जागा उरली नाही. अकराची सात झाली, मग तीन. मग तिने मला आकडा सांगायचं बंद केलं.

त्याच दिवसांत मुलाने पुन्हा डॉक्टरांकडे जायचं काढलं होतं. दोन वर्षं होत आली, आता विचार करायला हरकत नाही, असं तो तिला समजावत होता. मी माझ्या खोलीत होतो. भिंती पातळ आहेत. ती एवढंच म्हणाली, "नको. माझ्या हातात काही जगत नाही. बघतोयस ना?" मुलगा हसण्यावारी न्यायला गेला, माशांचं काय घेऊन बसलीस म्हणाला.  सकाळी चहा देताना तिने मला सांगितलं की टाकी कुणाला तरी देऊन टाकणार आहे.

मी खोलीत जाऊन बसलो. ते वाक्य तिच्या तोंडी कुणी घातलं होतं हे मला ठाऊक होतं. वणीच्या रस्त्याचं मी बोललो नसतो, तर तिने माशांचा आणि स्वतःचा संबंध जोडला नसता. एवढं कळूनही मी जाऊन तिच्याशी बोललो का? नाही. मी ठरवलं की टाकी वाचवायची. बोलण्यापेक्षा दुरुस्ती सोपी, हा आमच्या खात्याचा आजार आहे.

सिग्नल बंद पडला की आम्ही आधी एकच विचारायचो: याला शेवटचा हात कुणाचा लागला? तार आपोआप तुटत नाही, रिले आपोआप बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं आणि तो माणूस शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही. मी घरात चौकशी लावली. कामवाली बाई काच पुसताना फिनाईल वापरते का, ते विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी त्या डबक्याला हातबी लावत नाय," आणि दोन दिवस माझ्या खोलीचा केर काढला नाही. मुलाला विचारलं, डास मारायचा फवारा मारलास का? खालच्या वहिनींवरही मला संशय आला होता, कुरडयांचा सूड म्हणून, पण त्या वर आल्याच नव्हत्या. दिवा बघितला, ऊन बघितलं, माशांच्या खाण्याच्या डबीवरची तारीख बघितली. शेवटचा हात कुणाचा, हे विचारत मी सगळं घर पालथं घातलं आणि स्वतःला सोडून सगळ्यांना विचारलं.

शेवटी एका डब्यात सडकी कोबी आणि बाटलीत टाकीचं पाणी घेऊन मी त्या माशांच्या दुकानात गेलो. दुकान बाईच चालवतात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला, बोलणं तोडून. त्यांनी डबा उघडून नाकाशी नेला आणि मला असे प्रश्न विचारायला लागल्या की मला माझ्या जुन्या साहेबांची आठवण झाली. मासे जिवंत आहेत का? आहेत. गोगलगायी? मेल्या. आधी गोगलगायी की आधी झाडं? गोगलगायी. मुळं गळाली? गळाली. त्यांनी चष्मा काढला.

"पाण्यात तांबं गेलंय," त्या म्हणाल्या. "माशांचं काही औषध टाकलं का? त्यात असतं. मासे सहन करतात, गोगलगाय मरते, झाडाची मुळं सुटतात."

मी म्हटलं, औषध नाही टाकलं.

"मग एखादं नाणं, तार, भांडं? बघा घरी."

मी जरा रागानेच म्हणालो की आमच्या घरी टाकीत भांडी टाकायची पद्धत नाही. त्यांनी खांदे उडवले. पाणी तिसरा हिस्सा रोज बदला, आदल्या दिवशी प्लास्टिकच्या बादलीत भरून ठेवलेलं घ्या, आणि झाडाच्या डोक्यावर पाणी ओतू नका, पानं भिजली की कुजतात, एवढं सांगून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी दोन नवी रोपं घेतली आणि निघालो.

दुकानातून दहा पावलं गेलो असेन. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझी आई दिवसातून एकदा तरी वापरायची. आयुष्यात पहिल्यांदा ती मला शब्दशः लागू पडली. मी वाटेतल्या जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकावर जाऊन बसलो. उन्हामुळे तिथे कुणी नव्हतं. पहिल्यांदा मला काय वाटलं, ते खरं सांगतो. मला वाटलं, सुटलो. कारण सापडलं, म्हणजे टाकी वाचणार. आणि लगेच दुसरा विचार आला, की कुणाला कळायची काय गरज आहे? उद्यापासून कळशी टाकीपाशी न्यायची नाही, पाणी बदलायचं, नवी कोबी सोडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूनही खूश होईल. तिला आनंद झाल्याशी कारण.

तसंच केलं. सून आणि मुलगा कामावर गेले की मी पाणी काढायचो, बादलीतलं भरायचो. काढलेलं पाणी, आता हसू नका, मी संडासात ओतायला ठेवायचो, वाया नाही जाऊ दिलं. सुनेला म्हटलं, टाकी द्यायची तर नीट करून देऊ, थोडे दिवस थांब. आठ-दहा दिवसांत नव्या कोबीला पांढरी, कोवळी मुळं फुटली. राहिलेली तीन पिल्लं त्यात शिरली. आणखी दोन आठवड्यांनी एका गड्ड्याला बाजूने दोरी फुटून त्याच्या टोकाला नखाएवढा नवा गड्डा आला. मी इतका खूश झालो की सून दारातून आत येताच तिला हाताने खूण करून टाकीपाशी बोलावलं.

तिने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर हसू आलं, पण ते मला हवं होतं तसं नव्हतं.

"बघा ना बाबा," ती म्हणाली. "महिनाभर मी हात लावला नाही, तर जगलं. तुमच्या हातात जगतं."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच उभा राहिलो. मी केलेली दुरुस्ती तिच्या विरुद्ध साक्ष देत होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण मी टाकी जगवून दाखवली होती आणि कारण पोटात ठेवलं होतं. म्हणजे वणीच्या वेळी मी जे केलं, तेच पुन्हा केलं होतं. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी संध्याकाळची गाडी पकडली होती. फरक एवढाच, की या वेळी मला जायला दुसरं घर नव्हतं.

रात्रीचं जेवण मी कसंबसं केलं. दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगा गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. सून हॉलमध्ये जमिनीवर बसून गवार निवडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली, मग खुर्ची नको वाटली म्हणून खाली बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली. ती म्हणाली, बाबा, खाली कशाला? मी म्हटलं, ऐक. आणि सगळं सांगितलं. कळशी, शिळं पाणी, कुरडया, चिंच-मीठ, डोक्यावरून ओतणं, दुकानातल्या बाई, तांबं. बाकावर बसून मनात आलेलं तेही सांगितलं, झाकल्या मुठीचं. ती गवारीची शेंग तशीच धरून ऐकत होती.

मग ती चिडली. मी तिला चिडलेली कधी पाहिली नव्हती, आणि ती चांगलीच चिडते. रोज पहाटे? तीन-चार आठवडे रोज? आणि मी इकडे फिल्टर धुतेय, खाणं बदलतेय, रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसतेय, आणि तुम्ही शेजारी पेपर वाचताय? गोगलगायी मेल्या तेव्हासुद्धा तुमच्या डोक्यात आलं नाही? सगळ्या घराची चौकशी केलीत, त्या बिचारीला फिनाईलचं विचारलंत! तिने गवारीचं ताट असं बाजूला सरकवलं की ते भिंतीला आपटलं. मला सांगायला हरकत नाही, तो आवाज ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मान खाली घालून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, बोल, आणखी बोल.

ती बोलून थकली.  मग तिने वेगळ्याच, अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाय," मी म्हणालो. मनमाडचा माणूस घाबरला की शहराची भाषा विसरतो. "तुझं कायबी चुकलं नव्हतं."

ती टाकीकडे बघत होती. मला माहीत होतं की ती टाकीबद्दल विचारत नाहीये. तिला माहीत होतं की मला ते माहीत आहे. तरी पुढच्या वाक्याशी मी शंटिंगच्या इंजिनासारखा दोनदा मागेपुढे झालो.

"तेव्हाबी नव्हतं," मी म्हणालो. "दवाखान्यात मी रस्त्याचं बोललो ते चूक होतं. डॉक्टरीणबाईंनी तासाभरातच सांगितलं होतं मला, की त्याचा काही संबंध नाय. मी ऐकलं आणि निघून गेलो. तुला येऊन सांगितलं नाय."

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"माहीत हाय."

"दोन वर्षं मी रोज वणीचा रस्ता मोजलाय, बाबा. कुठे खड्डा होता, कुठे गाडी हळू घ्यायला सांगायला हवी होती. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

 ती रडायला लागली. घरात बाई रडायला लागली की मी आजवर उठून बाहेर गेलोय. बायको रडायची तेव्हा मला नेमकी ड्यूटी असायची, नसली तर मी ती काढायचो. त्या दिवशी गुडघे दुखत होते तरी मी उठलो नाही. पदर नव्हता, ओढणी नव्हती, तिने कुडत्याच्या बाहीला डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा रडली. मी पसरलेली गवार गोळा करत बसलो, कारण हातांना काहीतरी हवं होतं.  खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती शेवटी सुरू झाली.

मग ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा."

"काय?"

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते. तुमच्या तोंडून."

मी सांगितलं. एकेक शब्द सांगितला, गर्भाच्या वाढीतच दोष होता, प्रवासाचा संबंध नव्हता, कुणी काहीही केलं असतं तरी तो राहिला नसता. तिने डोळे मिटून ऐकलं. झाल्यावर, तिने मागितलं नव्हतं तरी, मी तिसऱ्यांदा सांगितलं.